आंबणे, नासणे, मुरणे

सदर : चवीने खाणार

गणपतीचं विसर्जन झालं की दोन-चार दिवसांत संपादकांचा फोन येतो. "सदराचं काय गं? यंदा कुठला पदार्थ?" या सदराचं हे चौथं वर्ष. पहिल्या वर्षी मी इथल्या शिकोंची, म्हणजे त्या पांढऱ्या कडवट कोंबांची, आपल्या फोडणीतली भाजी लिहिली होती. दुसऱ्या वर्षी लिएजच्या वाफलमधले साखरेचे खडे आणि गेल्या वर्षी बटाटा दोनदा तळायचं बेल्जियन गुपित. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी करून पाहिलं आणि कळवलंही, त्याबद्दल आभार.

यंदा मी म्हटलं, "बिअर."

पलीकडे जरा शांतता. मग हळूच, "अगं, अंक भारतातही जातो. आजी-आजोबा वाचतात."

"माहीत आहे. ही चाखायला मी गेले तेव्हा बरोबर माझ्या सासूबाईच होत्या."

"मग लिही," संपादक म्हणाल्या आणि त्यांनी घाईघाईने फोन ठेवला. मी मन बदलीन अशी त्यांना भीती वाटली असावी.

तर मंडळी, हा लेख बिअरचा आहे, पण उन्हाळ्यात थंड करून ढोसतात त्या बिअरचा नाही. लाकडी पिंपात एक, दोन, तीन वर्षं मुरलेल्या आंबट बिअरचा आहे. ब्रुसेल्स आणि आसपासच्या खेड्यांतच ती परंपरेने होते आणि तिचं नाव लॅम्बिक. २०१६ साली युनेस्कोने बेल्जियमची बिअर संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, हे आपल्याला इथले शेजारी न चुकता सांगतात. आमच्याही शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा ते काका एक बाटली घेऊन दारात उभे होते. शॅम्पेनसारखं बूच, जुनाट अक्षरांचं लेबल. नवऱ्याने हसून आभार मानले आणि बाटली स्वयंपाकघरातल्या कपाटात अगदी मागे, व्हिनेगरच्या आड ठेवून दिली. तीन वर्षं ती तिथेच होती.

आम्ही ती का उघडली नाही, आणि फेकलीही का नाही, हे सांगायचं तर आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. सासूबाईंना विचारूनच ती सांगते आहे. त्या म्हणाल्या, "लिही. पण लिहायचं तर खरं लिही."

माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, दारूपायी गेले. सांगलीजवळ घरची चांगली द्राक्षाची बाग होती. आधी बैल गेले, मग बाग गेली, मग माणूस गेला. सत्तेचाळीस हे काही जायचं वय नाही. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. नव्या नवरीने पहिल्या दिवाळीत फराळ करायचा असतो. यांनी पहिल्या दिवाळीत कंदील घेऊन, मोठ्या जाऊबाईंबरोबर, मोठ्या दिरांना बांधावर शोधलं. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्दसुद्धा निघत नाही. टीव्हीवर जाहिरात आली तर सासूबाई चॅनल बदलतात. मीसुद्धा इथे येईपर्यंत कधी थेंब चाखला नव्हता. आल्यावर ऑफिसच्या एका समारंभात अर्धा ग्लास चाखला आणि सांगलीला फोनवर सांगितलं नाही, बस्स.

गेल्या मार्चमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. (यापुढे मी त्यांना आई म्हणते, घरी म्हणते तशी.) बरोबर लिंबाच्या लोणच्याची बरणी होती, जुनी, मुरून काळी झालेली. ती ठेवायला अंधारी जागा शोधताना त्यांनी ते कपाट उघडलं.

मी पोळ्या लाटत होते. मागे भांड्यांचा आवाज थांबला, एवढंच मला कळलं. आई काही बोलल्या नाहीत. रात्री मी कपाट उघडून पाहिलं. बाटली जागच्या जागी होती, फक्त लेबल भिंतीकडे फिरवलेलं होतं. दोन दिवस त्या माझ्याशी भाजी-आमटीपुरतं बोलल्या आणि मुलाशी तेवढंही नाही.

तिसरा दिवस शनिवार. आम्ही सगळे अँडरलेक्टच्या कत्तलखान्याच्या बाजारात गेलो. नाव भयानक असलं तरी आपल्यापैकी बरेच जण तिथूनच कोथिंबीर, पुदिना आणि स्वस्तातली वांगी आणतात. फाटकावर दोन मोठे बैल आहेत. आईंना ते आवडले. "बैलं चांगली केलीत," म्हणाल्या. दोन दिवसांतलं ते सगळ्यात लांब वाक्य. निघताना पाऊस लागला. मिडी स्टेशनच्या दिशेने चालत असताना लेकीने जाहीर केलं की तिला शू लागली आहे, आत्ताच्या आत्ता. अशा वेळी जे दार उघडं दिसेल तिकडे माणूस घुसतो. ते दार कँतियोंचं निघालं.

कँतियों ही १९०० साली सुरू झालेली घरगुती ब्रुअरी. आता चौथी पिढी बघते. एके काळी ब्रुसेल्समध्ये अशा बऱ्याच होत्या, त्या एकेक करून बंद झाल्या. ही टिकली, आणि १९७८ पासून तिचं चालतं-बोलतं संग्रहालय झालं. म्हणजे काम सुरू असतं आणि तुम्ही तिकीट काढून मधून फिरता. लेकीचं काम उरकलं. बाहेर पाऊस वाढलेला. नवरा आईंकडे बघेना. मी म्हटलं, "आई, पाऊस थांबेपर्यंत बाकावर बसू या."

आई दाराशी उभ्या राहून नाकाने वास घेत होत्या. म्हणाल्या, "इथं काहीतरी आंबवलंय."

"हो आई, बिअरचा कारखाना आहे."

"दारूचा वास मला कळतो. हा तसला नाही. हा ताकाच्या डेऱ्याचा आहे." मग थोडं थांबून, "आलोच आहोत तर बघू."

इथे जरा थांबून माझी जुनी सवय भागवून घेते. इथे येण्याआधी सहा वर्षं मी आठवी ते दहावीला मराठी शिकवत होते. शाळा सुटली, पण शब्द दिसला की त्याचा वाक्यात उपयोग करायची खोड सुटली नाही. ‘आंबणे’ हा शब्द बघा. इडलीचं पीठ आंबतं, ते आपल्याला हवं असतं. उरलेलं वरण आंबतं, ते नको असतं. चिंच खाल्ली की दात आंबतात. दिवाळीची साफसफाई केली की अंग आंबतं. एकाच क्रियापदात चव, बिघाड, झिणझिण्या आणि दमणूक! त्या दुपारी त्या इमारतीत मला या शब्दाचे सगळे अर्थ एका रांगेत भेटले.

तिथली एक मुलगी इंग्रजीत माहिती सांगत होती. मी आईंसाठी मराठीत करत होते. सुरुवात सोपी होती. साधारण पस्तीस टक्के कच्चे गहू आणि बाकी मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे आपले जव. "नाचणीचं सत्त्व करतो तसं," आई म्हणाल्या. ते भरडून गरम पाण्यात भिजवायचं, गोड पाणी काढून घ्यायचं आणि तीन-चार तास उकळायचं. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची सुकी फुलं घालतात. बाकीच्या बिअरमध्ये हॉप्स ताजी लागतात, कारण कडवटपणा हवा असतो. इथे मात्र दोन-तीन वर्षं जुनी वापरतात. कडूपणा उडून जातो, पण नासू न देण्याचा गुण राहतो.

मग लाकडी जिन्याने वर, छपराखाली. तिथे आईंचा चेहरा पहिल्यांदा उजळला. पूर्ण माळाभर एक उथळ, पसरट तांब्याचं भांडं. "अगं, हा तर गुऱ्हाळातला वाफा!" आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको, उकळलेला रस काहिलीतून गूळ व्हायला वाफ्यात ओततात. हे भांडं तसंच, फक्त कितीतरी मोठं. साडेसात हजार लिटर मावतात. उकळता रस रात्री यात सोडतात, भिंतीच्या आणि छपराच्या फटी उघड्या ठेवतात आणि निघून जातात. सकाळपर्यंत तो आपोआप गार होतो.

"आणि विरजण कधी लावतात?" आईंनी विचारलं.

मी विचारलं. मुलगी हसून म्हणाली, "आम्ही लावत नाही. रात्रीची हवा लावते."

आईंचा विश्वास बसेना. मला दोनदा विचारायला लावलं. पण खरंच तसं आहे. जगात जवळपास सगळीकडे बिअरमध्ये यीस्ट मोजून मापून घालतात. लॅम्बिकमध्ये माणूस काही घालत नाही. हवेतले, लाकडातले, छपराच्या वाशांमधले जीव त्या रसात उतरतात. म्हणूनच हे काम फक्त थंडीत, साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालतं. उन्हाळ्याच्या हवेत नको ते जीव जास्त असतात आणि रस वेळेत गारही होत नाही. हल्ली थंड रात्री कमी होत चालल्या आहेत, हंगाम आकसतो आहे, ही त्यांची काळजी.

खाली पिंपांच्या खोलीत अंधार, ओल आणि शांतता. ओळीने लाकडी पिंपं, त्यांतली बरीचशी आधी वाइनची होती. भिंतींवर कोळ्यांची जाळी, आणि ती कोणी झाडत नाही. फळमाश्या पिंपाभोवती येतात, कोळी त्यांना खातात, म्हणून कोळ्यांना तिथे अभय. आईंनी त्या जाळ्यांकडे बघून माझ्याकडे बघितलं. माझ्या स्वयंपाकघरातलं जाळं त्यांनी आल्या दिवशी काढलं होतं.

नवीन पिंपाचं बूच पहिले काही दिवस उघडंच ठेवतात, कारण आत एवढं उसळतं की फेस उतू जातो. मग ते निवतं, बूच बसवतात आणि खरं काम सुरू होतं. पहिल्या काही आठवड्यांत उतावळे जीव असतात, ते फार टिकत नाहीत. मग नेहमीचं यीस्ट साखर खाऊन दारू करतं. नंतर दह्यात असतं तेच लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू येतात. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात सावकाश काम करणारं एक रानटी यीस्ट, ब्रेटॅनोमायसिस. १९२१ साली ब्रुसेल्सच्या लॅम्बिकमधून ते वेगळं केलं, म्हणून त्याच्या नावातच ब्रुसेल्स आहे. महिनोन्‌महिने ते उरलंसुरलं खात बसतं. वर एक पातळ पापुद्रा धरतो आणि तो हवा आत जाऊ देत नाही.

"लोणच्यावर तेलाचा थर असतो तसा," आई म्हणाल्या. मी हे इंग्रजीत सांगितलं, तेव्हा ती मुलगी क्षणभर आमच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगदी तसाच."

मग आईंनी विचारलं, "आणि नासलं तर?"

नासतं. एकाच रात्री एकाच भांड्यातून भरलेली दोन पिंपं सारखी निघत नाहीत. काही पिंपांत व्हिनेगर होतं, ती ओतून द्यावी लागतात. म्हणून मालक प्रत्येक पिंप चाखून बघतो, कुठलं एक वर्षाचं, कुठलं दोनचं, कुठलं तीनचं एकत्र करायचं ते जिभेवर ठरवतो. या मिश्रणाला ग्यूझ म्हणतात. तीन वर्षांच्यात खोली असते, पण जोर उरलेला नसतो. एक वर्षाच्यात थोडी साखर शिल्लक असते. दोन्ही बाटलीत एकत्र घालून बूच लावलं की ती तरुण साखर पुन्हा आंबते आणि बुडबुडे येतात. जुन्या पद्धतीच्या अशा बाटलीवर ‘औडे ग्यूझ’ लिहिलेलं असतं. औडे म्हणजे जुनं, आणि त्या नावाला युरोपात कायद्याचं संरक्षण आहे. सुपरमार्केटात चेरीची म्हणून गोड, सरबतासारखी मिळते, तिच्यात वरून गोडवा घातलेला असतो. ती चाखून लॅम्बिकबद्दल मत करून घेऊ नका.

आईंचा पुढचा प्रश्न मला भाषांतर करताना जड गेला. "रोज चाखतात म्हणजे इथली माणसं पीत असतील ना?"

मुलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. "चाखतात," ती म्हणाली. "प्यायला वेळ कुठे असतो?"

तिकिटात चाखणं होतं. आम्ही लाकडी टेबलाशी बसलो. लेकीला बिस्किट. माझ्या आणि नवऱ्याच्या पुढे छोटे ग्लास. आई समोर. वर्गात कॉपी करताना सापडलेल्या पोरांसारखे आम्ही दोघं बसलो होतो. शेवटी आईच म्हणाल्या, "पैसे भरलेत ना? मग घ्या की."

आता चवीचं सांगते, नाहीतर सदराचं नाव बदलावं लागेल.

पहिला ग्लास नुसत्या लॅम्बिकचा, एका पिंपातला. फेस नाही, बुडबुडे नाहीत, रंग फिकट मधासारखा. नाकाशी नेला तर पहिला वास ओल्या गोणपाटाचा, मग गवताच्या गंजीचा, मग हिरव्या सफरचंदाचा. जाणकार त्याला घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास म्हणतात, आणि ही स्तुती असते! घोटभर घेतलं आणि दात आंबले. लिंबाच्या रसापेक्षा लिंबाच्या सालीजवळ जाणारी चव. गोडी औषधालाही नाही. मागाहून जांभळासारखा तुरटपणा जिभेवर बसतो, तो लाकडाचा. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला नाही.

दुसरा ग्यूझ. तोच आंबटपणा, पण बुडबुड्यांनी हलका झालेला आणि मागे कितीतरी थर. आधी लिंबू, मग ओलं लाकूड, मग कच्च्या कैरीच्या कोयीजवळचा गर, मग काहीतरी खारट. शिळ्या आंबिलीची मला आठवण झाली, ताक घालून ठेवलेली, वर जिरं नसलेली. दारूचं प्रमाण साधारण पाच टक्के, पण ती जाणवत नाही. आणि हेच लक्षात ठेवायला हवं.

तिसरा क्रीक. आंबट चेरी लिटरला सुमारे दोनशे ग्रॅम, लॅम्बिकमध्ये महिनोन्‌महिने भिजवलेल्या. रंग थेट कोकमाच्या आगळासारखा. चवही साखर न घातलेल्या आगळाच्या गावची, शिवाय बियांमुळे बदामाचा बारीक वास. मला तिन्हींत ग्यूझ आवडली. ‘आवडली’ हे आईंसमोर म्हणायचं धाडस झालं नाही. मी ग्लास खाली ठेवला.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं. त्यांच्यापुढे एकच मोठी बाटली, वेताच्या टोपलीत आडवी ठेवलेली, तळाचा गाळ ढवळू नये म्हणून. आजोबा ती टोपलीसकट अलगद तिरकी करून दोघांच्या ग्लासात थोडी थोडी ओतत. मग दोघं बराच वेळ बोलत बसत. आजींनी पर्समधून चीजचा तुकडा काढला, नॅपकिनवर कापला. आमचं सगळं चाखून झालं, पाऊस थांबला, त्यांची बाटली अजून अर्धी होती.

आई त्यांच्याकडेच बघत होत्या. कुणाला उद्देशून नाही, अशा बोलल्या, "एक बाटली, माणसं दोन, आणि तास झाला." मग, "मोठ्या भाऊजींना बूच निघेपर्यंत दम निघायचा नाही गं. दातानं काढायचे."

नवऱ्याने टेबलावर आईचा हात धरला. तो लहान असताना गेलेल्या काकांबद्दल आईच्या तोंडून तो पहिल्यांदाच काही ऐकत होता. आमच्या घरात त्या माणसाचा फोटोही नाही. आईंनी मग सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. मोठे काका बागेत कलमं फार सुंदर बांधायचे, पंचक्रोशीतून बोलावणं यायचं. पोरांना खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचे. "माणूस वाईट नव्हता," आई म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांनी चॅनल बदललं होतं, त्यात हा माणूसही कुठेतरी बदलून गेला होता.

निघताना त्यांनी माझा ग्लास उचलला. तळाशी घोटभर ग्यूझ होती. नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला, जसा त्या लोणच्याच्या बरणीचा घेतात, आणि परत खाली ठेवला.

"मुरलंय," म्हणाल्या. "पण मला नको."

मी त्यांना आग्रह केला नाही, आणि मी केला नाही याचं मला आजही बरं वाटतं.

तर मंडळी, अर्थातील फरक स्पष्ट करा. नासायला काही लागत नाही, दुर्लक्ष पुरतं. आंबायला ऊब आणि थोडा वेळ लागतो. मुरायला मात्र चार गोष्टी लागतात : चांगलं पिंप किंवा बरणी, वर हवा न लागू देणारा थर, भरपूर वेळ, आणि मधून मधून झाकण उघडून बघणारं एक माणूस. सुरुवात तिन्हींची सारखीच असते. तेच गहू, तेच पाणी, तीच हवा. मोठ्या काकांच्या बाबतीत यातलं काय कमी पडलं, कुणी वेळेवर झाकण उघडून बघितलं असतं तर काही झालं असतं का, हे मी घरात बसून ठरवू शकत नाही. व्यसन हा आजार आहे आणि त्याला नुसती शिस्त पुरत नाही, एवढं मला कळतं. बिअर तीन वर्षं मुरली म्हणून निरुपद्रवी होत नाही, हेही कळतं. ज्यांच्या घरात हा घाव आहे त्यांनी ग्लास हातात धरला नाही, तर त्यांचं काही चुकत नाही. आणि ज्यांनी अर्धा ग्लास चाखला, त्यांनी तो व्हिनेगरच्या आड लपवला नाही, तर घरात बोलायला जागा राहते. आमच्या घरात ती जागा त्या शनिवारी झाली.

घरी आल्यावर आईंनी लोणच्याची बरणी ठेवायला कपाट उघडलं. बाटली बाहेर काढली, चष्मा लावून लेबल बघितलं. "हे काय लिहिलंय?"

"कधीपर्यंत चांगली राहील ती तारीख, आई."

"कधीपर्यंत?"

मी वाचलं. बाटलीत भरल्यापासून वीस वर्षं.

"मग घाई कशाला?" त्यांनी बाटली परत ठेवली, शेजारी लोणच्याची बरणी ठेवली. लेबल या वेळी बाहेरच्या बाजूला होतं.

लेख लिहून झाल्यावर आई सांगलीहून म्हणाल्या, "छापायच्या आधी ताईंना वाचून दाखव." ताई म्हणजे मोठ्या काकू. त्यांना फोनवर वाचून दाखवताना माझा आवाज दोनदा बसला. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. झाल्यावर बराच वेळ गप्प होत्या. मी म्हटलं, "काकू, नको असेल तर नाही देत."

"दे की," त्या म्हणाल्या. "कलमांचं लिहिलंस ते बरं केलंस." मग विचारलं, "तिथं एवढी चांगली करतात म्हणतेस. मग तिथल्या बायका रडत नाहीत का गं?"

सकाळी लेकीला शाळेत सोडायला जाताना स्टेशनबाहेरच्या बाकावर जी माणसं झोपलेली दिसतात, आणि त्यांना शोधत येणारी एखादी बाई दिसते, ती मला आठवली.

"रडतात, काकू," मी म्हटलं. "इथंही रडतात."

"हं," त्या म्हणाल्या. "तेही लिही."

लिहिलं आहे.

हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा इथे थंडी पडलेली असेल. तुमच्या गॅलरीत कंदील लागलेला असेल, आणि अँडरलेक्टच्या त्या माळ्यावर, फटी उघड्या टाकून, हंगामातला रस रात्रीच्या हवेत गार होत असेल. पुढच्या वर्षी पुन्हा खाण्याच्या पदार्थावर लिहीन, संपादकांना शब्द दिला आहे. तुमच्या घरातली एखादी मुरलेली चव असेल तर जरूर कळवा.

शुभ दीपावली!